अंडी मोजायला जाऊ नका: नागपूर परिसरात पक्षी आणि त्यांची घरटी कशी पाहायची

एप्रिल लागला की माझ्या फोनवर एकाच प्रकारचे फोटो येऊ लागतात. बेसा, बेलतरोडी, हुडकेश्वर, वाडी, अशा कुठल्या तरी लेआउटमधली मुरमाड जमीन, खड्यांच्या मधोमध चार ठिपकेदार अंडी, आणि त्या अंड्यांवर पडलेली फोटो काढणाऱ्याच्या डोक्याची सावली. सोबत प्रश्न: "ही कोणाची अंडी?" अंडी टिटवीची असतात. फोटोत टिटवी मात्र नसते. ती त्या वेळी तीस-चाळीस पावलांवर ओरडत फिरत असते आणि अंडी उघड्या उन्हात पडलेली असतात.

पाठवणाऱ्याचं पक्ष्यांवर प्रेम असतं, यात मला शंका नाही. चुकतो तो क्रम. तो आधी घरट्यापाशी जातो आणि पक्षी नंतर विचारतो. खरं तर आधी पक्षी पाहायचा, मग तो काय करतोय ते पाहायचं, त्यावरून घरट्याची जागा दुरून ओळखायची आणि बहुतेक वेळा तिथेच थांबायचं. पुढचे टप्पे याच क्रमाने लिहिले आहेत. मधला एखादा टप्पा गाळला तर पुढचे बिघडतात.

एक गोष्ट आधीच सांगतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात वन्य पक्ष्यांच्या अंड्यांची नासधूस करणं आणि अंड्यांना किंवा घरट्यांना धक्का लावणं हेही येतं. "मी फक्त हातात घेऊन पाहिलं" असं म्हणून त्यातून सुटता येत नाही.

## टप्पा १ : कोणत्या महिन्यात काय पाहायचं ते ठरवा

आपल्याकडे बारा महिने कोणी ना कोणी घरटं करत असतं, पण सगळे एकदम करत नाहीत. घराबाहेर पडण्याआधी हे डोक्यात असलं की निम्मं भटकणं वाचतं.

फेब्रुवारीपासून, म्हणजे पळस पेटायच्या सुमारास, ढोलीत आणि बिळात घरटी करणारे पक्षी कामाला लागतात: तांबट, राखी धनेश, पिंगळा, वेडा राघू, पांढऱ्या छातीचा खंड्या. शिंजीर अंगणातल्या वेलीवर, कधी कधी विजेच्या लोंबत्या वायरवरसुद्धा, आपली पिशवी टांगतो. मार्च ते मे टिटवी, चिरक, कोतवाल. पावसाचे चार शिंतोडे पडले की सुगरण, कमळपक्षी, टिबुकली, मुनिया, शिंपी यांची धावपळ सुरू होते आणि जंगलात नवरंगाची शीळ ऐकू येऊ लागते. बगळ्यांच्या वसाहतीही पावसाळ्यातच भरतात.

हिवाळ्यात तलावांवर चक्रवाक, पट्टकदंब आणि तऱ्हेतऱ्हेची बदकं येतात. ती इथे फक्त खायला आणि विसावायला येतात, अंडी घालतात ती उत्तरेकडे. दर डिसेंबरला कोणी तरी पारडगावच्या किंवा सायकीच्या तलावाकाठचं गवत तुडवत चक्रवाकाचं घरटं शोधताना दिसतं. ते मिळणार नाही, उलट विश्रांती घेणारा थवा उठेल. हिवाळा दुर्बिणीचा सराव करायला उत्तम, तेवढ्यासाठी तो वापरा.

तपासून घ्या: आज नेमका कोणता पक्षी पाहायला निघालोय आणि या महिन्यात तो घरटं बांधत असतो, अंडी उबवत असतो की पिल्लांना भरवत असतो, हे एका वाक्यात सांगता येतंय का? येत नसेल तर आज फक्त पक्षी पाहा, घरट्याच्या मागे लागू नका.

## टप्पा २ : घरीच करायची तयारी

दुर्बीण ८×४२ घ्या. पहिला आकडा किती पट मोठं दिसतं त्याचा, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. लोक हौसेनं जास्त पटीची आणतात आणि मग हात थरथरला की पक्षी दिसेनासा होतो. आठ पट पुरते.

नवी दुर्बीण आणली की ती डोळ्यांना जुळवून घ्यावी लागते आणि हे काम जवळजवळ कोणीच करत नाही. दूरच्या एखाद्या पाटीकडे पाहा. उजवा डोळा मिटून मधलं चाक फिरवत डाव्या डोळ्याला अक्षरं स्पष्ट करा. मग डावा डोळा मिटा आणि मधल्या चाकाला हात न लावता उजव्या डोळ्याजवळची कडी फिरवून तीच अक्षरं स्पष्ट करा. ती कडी कुठे थांबली ते लक्षात ठेवा, पुन्हा हलवायची नाही. यापुढे फक्त मधलं चाक. चष्मा असेल तर डोळ्याजवळची रबरी वाटी आत दाबून ठेवा, नाही तर चित्राच्या कडा कापल्या जातात.

दुसरा सराव गच्चीवर करा. समोरच्या कडुनिंबावरच्या कावळ्याकडे नुसत्या डोळ्यांनी पाहा, नजर तशीच ठेवा आणि दुर्बीण डोळ्यांपर्यंत वर आणा. नवशिके दुर्बिणीकडे पाहतात, ती डोळ्यांना लावतात आणि मग झाडभर पक्षी शोधत बसतात. आठवडाभर रोज दहा मिनिटं हे केलं की हाताला सवय लागते.

कपडे मळखाऊ रंगाचे, सुती, पूर्ण बाह्यांचे. पांढरा शर्ट आणि भडक टोपी घरी ठेवा. उन्हाळ्यात डोक्याला दुपट्टा, सोबत दोन लिटर पाणी. अत्तर-स्प्रे लावू नका, जुन्या मोठ्या झाडांवर आणि इमारतींवर आग्या मोहोळं असतात आणि उग्र वासानं माश्या बिथरतात. पावसाळ्यात घोट्याच्या वरपर्यंत येणारे बूट हवेतच. काळी माती चपलेला धरते हे एक, आणि वावराच्या धुऱ्यावर घोणस, मण्यार असते हे दुसरं. पाय टाकण्याआधी जागा पाहा. आभाळ गडगडायला लागलं की मोकळ्या वावरातल्या एकट्या झाडाखाली थांबू नका, तडक गाडीत किंवा पक्क्या घरात जा.

वही आणि पेन्सिल घ्या. पेनची शाई पहिल्या पावसात वाहून जाते.

## टप्पा ३ : जागा निवडा, विचारून आत जा

सुरुवात घराजवळ करा. महाराजबाग, अंबाझरीचा परिसर, सेमिनरी हिल्स, गोरेवाडा, फुटाळ्याचा काठ, एवढ्यावर दोन वर्षं सहज निघतात. तिथे हात बसला की सुराबर्डी, झिल्पी, पारडगाव, सायकी, रामटेकजवळचा खिंडसी तलाव अशा लांबच्या जागा. पेंच किंवा उमरेड-पवनी-कऱ्हांडला इथे जिप्सीतून घरटी पाहायची कल्पना सोडून द्या. तिथे गाडी थांबते ती वाघासाठी, आणि वीस मिनिटं एका फांदीकडे पाहत बसायला कोणी देणार नाही.

शहराच्या कडेचे पडीक लेआउट, नाल्यांचे काठ आणि गावाबाहेरच्या विहिरी मला स्वतःला सर्वांत मोलाच्या वाटतात. टिटवी, वेडा राघू, सुगरण, चंडोल ही मंडळी तिथेच असतात आणि त्यांची घरटी मोडतातही तिथेच.

वावरात शिरण्याआधी मालकाला विचारा. नुसती परवानगी घेऊन पुढे सरकू नका, धुऱ्यावर दोन मिनिटं बसून बोला. कोणत्या बाभळीवर दर वर्षी सुगरणीचे खोपे लागतात, वखर चालवताना टिटवी कुठे अंगावर येते, हे त्याला माहीत असतं. तलावावर शिंगाडे लावणाऱ्या ढिवर बांधवांना विचारलंत तर कमळपक्षी कुठल्या कोपऱ्यात बसतो ते हात करून दाखवतील.

सावधान: वायुसेनानगर, कामठीची छावणी, विमानतळाचा परिसर अशा ठिकाणी दुर्बीण किंवा लांब भिंगाचा कॅमेरा रोखून उभं राहू नका. पक्षी कितीही सुंदर असला तरी नाही.

## टप्पा ४ : पोचल्यावर पहिली वीस मिनिटं बसून राहा

उन्हाळ्यात सूर्य साडेपाचच्या सुमारास उगवतो. त्याआधी जागेवर असायला हवं आणि नऊच्या आत परतीला लागायला हवं. त्यानंतर आपल्यालाही ऊन बाधतं, आणि पक्ष्याला घरट्यावरून उठवणं सर्वांत महाग पडतं ते याच वेळी.

पोचलात की चालू नका. झाडाच्या बुंध्याला टेकून किंवा बांधाच्या आडोशाला बसा. रस्त्यावरूनच पक्षी दिसतील अशी गाडी उभी करता येत असेल तर गाडीतच बसा, काचा खाली करा, इंजिन बंद. पक्षी गाडीला माणसाइतके बुजत नाहीत, हा अनुभव कोणीही घेऊन पाहावा. फोन सायलेंटवर टाका. गप्पा बंद.

आपण आलो तेव्हा जे पक्षी गप्प झाले होते, ते साधारण दहा-पंधरा मिनिटांत पुन्हा आपापल्या कामाला लागतात. खरं निरीक्षण तिथून सुरू होतं. आल्या आल्या जे दिसतं ते आपल्यामुळे घाबरलेले पक्षी असतात.

तपासून घ्या: वीस मिनिटांनंतरही एखादा पक्षी तुमच्याकडे तोंड करून एकसारखा ओरडतोय का? मग तुम्ही त्याच्या घरट्याजवळच बसला आहात. उठा, ज्या वाटेनं आलात त्याच वाटेनं पन्नास पावलं मागे जा आणि पुन्हा बसा.

## टप्पा ५ : चोच पाहा, घरट्याची दिशा चोच सांगते

घरटं शोधत झाडामागून झाड हिंडणं ही सर्वांत मोठी चूक. फांद्या बाजूला सारत, झुडपात डोकं घालत गेलं तर घरटं सापडतं खरं, पण तुमच्या मागोमाग ते कावळ्यालाही सापडतं. पक्ष्याच्या चोचीकडे पाहायची सवय लावा:

चोचीत काडी, गवत, कापूस, कोळ्याचं जाळं असेल तर बांधकाम चालू आहे. या काळात पक्षी सर्वांत हळवा असतो. अजून त्याची त्या जागेत फारशी गुंतवणूक झालेली नसते, त्यामुळे जरा त्रास झाला की अर्धवट घरटं टाकून जातो. लांबूनच पाहा.

चोचीत अळी किंवा नाकतोडा आहे, पण पक्षी तो गिळत नाही, तसाच धरून फांदीवर बसलाय आणि इकडेतिकडे पाहतोय: पिल्लं आहेत, आणि तो तुमच्या जाण्याची वाट पाहतोय. हा क्षण ओळखता आला पाहिजे. लोकांना वाटतं पक्षी फोटोसाठी छान बसलाय. प्रत्यक्षात पिल्लांचा घास अडलेला असतो.

चोचीत पांढरी, ओलसर, शेंगदाण्याएवढी गोळी घेऊन पक्षी एका जागेवरून सरळ दूर उडाला, तर ती पिल्लांची शी. बरेच लहान पक्षी ती पातळ पिशवीसारख्या आवरणात बांधलेली अशी उचलून लांब नेऊन टाकतात, म्हणजे घरट्याखाली खूण राहत नाही. तो जिथून उडाला तिथे घरटं आहे. दयाळ, बुलबुल, शिंपी यांच्या बाबतीत हे अगदी स्पष्ट दिसतं.

टिटवीला मात्र हा नियम लावू नका. ती अंड्यांवरून तडक उडत नाही. मान खाली घालून आधी गुपचूप पळत दूर जाते आणि तिथून ओरडत उठते. ती उठली तिथे शोधायला गेलात तर अंडी दुसरीकडेच, कदाचित तुमच्या पायाखाली, असतील. खड्यांमधली ती अंडी दोन पावलांवरूनही दिसत नाहीत. म्हणून टिटवी ओरडायला लागली की पुढचं पाऊल टाकायचं नाही, आल्या पावली मागे फिरायचं.

## टप्पा ६ : किती जवळ जायचं

लोक मीटरमध्ये आकडा विचारतात. सुरुवातीला मोकळ्या जमिनीवरच्या घरट्यापासून चाळीस मीटर आणि झाडावरच्या लहान पक्ष्याच्या घरट्यापासून पंधरा-वीस मीटर धरा. पण खरं अंतर पक्षी ठरवतो. तुम्ही बसल्यापासून दहा मिनिटांत तो घरट्यावर परतला, तर अंतर बरोबर. नाही परतला, तर तुम्ही जवळ आहात, मग तुमची पट्टी काहीही सांगो. मागे सरका. आणखी दहा मिनिटांत नाही आला तर जागा सोडा.

दुसरी बाब नजरेची. जीवशास्त्रज्ञ मिलिंद वाटवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेड्या राघूवर प्रयोग करून दाखवलंय की समोरच्या माणसाला बिळाचं तोंड दिसत असेल तर हा पक्षी बिळात शिरायला कचरतो. माणूस उभा असला पण त्याला बीळ दिसत नसेल, तर तो पुष्कळ बिनधास्त शिरतो. नाल्याच्या काठी हे तुम्हीही पाहू शकता. म्हणून घरट्याच्या अगदी समोर बसू नका. तिरके बसा, एखादं झुडूप मध्ये येऊ द्या. घरटं अर्धं दिसलं तरी चालेल, पक्ष्याची ये-जा पूर्ण दिसते आणि निरीक्षण त्याचंच करायचं असतं.

आता उन्हाचं. बाहेरच्या पुस्तकांत बहुतेक वेळा वाचायला मिळतं की पक्षी उठला तर अंडी थंड पडतात. आपल्याकडे नवतपात, म्हणजे मे अखेरच्या नऊ तापत्या दिवसांत, पारा पंचेचाळिशी गाठतो आणि मुरमाला हात लावला तर चटका बसतो. अशा दुपारी टिटवी अंड्यांवर बसून ऊब देत नसते, ती उभी राहून त्यांच्यावर सावली धरून असते. पोटाची पिसं डबक्यात भिजवून येते आणि तो ओलावा अंड्यांना देते. तिला तुम्ही दुपारी बारा वाजता फोटोसाठी पंधरा मिनिटं दूर ठेवलंत तर आत वाढणारा जीव शिजतो. अंडं बाहेरून तसंच दिसतं, म्हणून फोटो काढणाऱ्याला आपण काय केलं ते कधीच कळत नाही.

माझ्या हातून अशी चूक झाली आहे. सुरुवातीच्या वर्षांत एका लेआउटमध्ये टिटवीची अंडी सापडली. गाड्यांखाली येऊ नयेत म्हणून आम्ही चौघांनी भोवती दगडांचं रिंगण केलं आणि काठीला लाल फडकं बांधून रोवलं. मनापासून केलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी रिंगण जागेवर होतं, फडकं फडफडत होतं, आणि आत एका अंड्याचं टरफल होतं. चार जणांची पायवाट मुरमात उमटलेली होती. टिटवी तीन आठवडे जे लपवून होती ते आम्ही एका संध्याकाळी सगळ्यांना दाखवून दिलं. तेव्हापासून मी घरट्याजवळ कोणतीही खूण ठेवत नाही. जागा लक्षात ठेवायची तर दूरच्या दोन स्थिर वस्तूंच्या रेषेत ठेवतो: विजेचा खांब आणि पाण्याची टाकी, असं काही तरी.

बांधकामाच्या किंवा नांगरटीच्या जागेत घरटं असेल तर चौकीदाराला, ट्रॅक्टरवाल्याला, जेसीबी चालवणाऱ्याला दुरून जागा दाखवा आणि साधारण चार आठवडे लागतील असं सांगा. टिटवीची पिल्लं बाहेर आली की एक-दोन दिवसांत स्वतःच्या पायांनी चालू लागतात, जागा मोकळी होते. ऐकणारे पुष्कळ भेटतात. टिटवीनं उंचवट्यावर अंडी घातली तर पाऊस चांगला, असं मानणारे शेतकरी तेवढा तुकडा सोडून वखर फिरवतात.

हे अजिबात करू नका: घरट्याआड येणारी फांदी फोटोसाठी तोडणं किंवा बांधून ठेवणं (ती फांदी म्हणजे पिल्लांचं छप्पर आहे). मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बाहेर बोलावणं. फ्लॅश मारणं. ड्रोन उडवणं. सेल्फी-स्टिकला फोन लावून घरट्यात डोकावणं.

## टप्पा ७ : घरटं कसलं, त्यावर बसायची जागा

लोंबते खोपे. सुगरणीसाठी जुलै-ऑगस्ट. विहिरीवर किंवा नाल्यावर झुकलेली बाभूळ, शिंदी शोधा. खोपे बहुधा झाडाच्या पूर्वेच्या अंगाला, पावसाचा मारा चुकेल असे असतात, त्यामुळे सकाळी सूर्य पाठीशी घेऊन पूर्वेकडून पाहिलं की सगळं लख्ख दिसतं. पिवळ्या डोक्याचे दिसतात ते नर, आणि विणकाम तेच करतात. खोपा उलट्या टोपरासारखा अर्धवट झाला की नर त्याला लटकून पंख फडफडवतो. मादी येते, आत शिरते, धागे ओढून पाहते. पसंत पडला तर पुढची नळी विणली जाते. नाही पडला तर तो टोपरासारखा तसाच राहतो. म्हणून अर्धवट खोपे पाहून "कोणी तरी मोडले" असा निष्कर्ष काढू नका. हंगामात विहिरीच्या कठड्यावर चढू नका, आणि खोपा घरात टांगायला तोडू नका. वाळलेला, रिकामा दिसणारा खोपाही दिवाळीपर्यंत झाडावरच राहू द्या.

ढोल्या. राखी धनेशाची मादी ढोलीत शिरते आणि तोंड लिंपून घेते, फक्त एक चीर उरते. आत असेपर्यंत तिचं आणि पुढे पिल्लांचंही पोट नराच्या फेऱ्यांवर चालतं. नर पिंपळ, वड, उंबराची फळं घशात भरून आणतो, ढोलीजवळ बुंध्याला धरून बसतो आणि मान झटकत एकेक फळ वर आणून चिरेतून आत देतो. हे दृश्य जुन्या वस्त्यांतल्या मोठ्या झाडांवर, अगदी रस्त्याच्या कडेला दिसतं. झाडाखाली गर्दी झाली की नर घशात फळं घेऊन शेजारच्या झाडावर ताटकळत बसतो. रस्त्याच्या पलीकडे उभे राहा, दोनपेक्षा जास्त जण नकोत. पिंगळ्याच्या ढोलीत रात्री टॉर्च मारू नका.

नाल्याच्या काठातली बिळं. काठाच्या वरच्या कडेवर उभं राहू नका, तुमच्या वजनानं बोगदा ढासळतो. नेहमी समोरच्या काठावरून, तिरकं बसून पाहा.

पाण्यावरची घरटी. काठावरूनच, शक्य तर दुर्बीण तिपाईवर लावून. टिबुकली घरट्यावरून उतरताना अंडी ओल्या वनस्पतींनी झाकून जाते, त्यामुळे नुसता कुजक्या पाल्याचा ढीग दिसला तर तो रिकामा समजू नका. कमळपक्ष्यामध्ये अंडी नर उबवतो. पानांवर बसलेल्या पक्ष्याला मादी म्हणून नोंदवायची चूक सर्रास होते. डोंगा किंवा ट्यूब घेऊन आत जायचं नाही.

घरातली घरटी. मार्चमध्ये कूलर काढायला जावं तर स्टँडवर होल्यानं चार काड्या टाकून दोन अंडी घातलेली असतात. नागपुरात ही परीक्षाच. अंडी घातल्यापासून पिल्लू उडेपर्यंत महिनाभर लागतो. जमलं तर तेवढा महिना दुसऱ्या खिडकीत कूलर लावा. अंडी उचलून खोक्यात ठेवली तर होला तिथे येईलच याची खात्री नाही.

## टप्पा ८ : नोंद जागेवरच करा

घरी जाऊन आठवणीनं लिहिलेली नोंद अर्धी खरी असते. कमीत कमी एवढं लिहा: तारीख, वेळ (कधी बसलात, कधी उठलात), जागा, हवा, पक्षी, तो काय करत होता, झाड कोणतं, घरट्याची अंदाजे उंची, तुम्ही किती अंतरावर होता. उंची ठरवायला झाडाखाली माणूस उभा आहे अशी कल्पना करा आणि तसे किती माणूस एकावर एक बसतील ते मोजा. अंड्यांची संख्या लिहायची गरज नाही, ती मोजायला जवळ जावं लागतं.

माझ्या वहीतली एक नोंद अशी आहे:

"१९ जुलै. ६.१० ते ६.४५. ढगाळ, वारा नाही. विहिरीवरची बाभूळ, १४ खोपे: ५ पूर्ण, ९ अर्धे. अंतर २५ पावलं, बांधाआड. एक नर ३५ मिनिटांत ११ वेळा पातं घेऊन आला, सगळी पाती उसाच्या वावरातून. ६.३१ ला मादी आली, दोन खोपे पाहिले, दुसऱ्यात ओल्या मातीचे गोळे चिकटवलेले दिसले. ६.४० ला भारद्वाज झाडाखाली, सगळे एकदम गप्प."

यात पक्ष्याला न हटवता मिळालेली माहिती किती आहे ते पाहा. पाती कुठून येतात हे कळलं, मादी कधी आली हे कळलं, शत्रू कोण हेही कळलं.

नोंद ईबर्डवर (पक्ष्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या संकेतस्थळावर) टाकत असाल तर चांगलंच, पण चालू घरट्याचा फोटो आणि नेमकी जागा समाजमाध्यमांवर किंवा व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. पुढच्या रविवारी तिथे वीस कॅमेरे उभे असतात. टाकायचंच असेल तर पिल्लं उडून गेल्यावर, आणि जागेचं नाव "नागपूर" एवढंच.

तपासून घ्या: एका घरट्याला आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा, अर्ध्या तासाची भेट पुरे. रोज तीच पायवाट वापरली तर कुत्री-मुंगसं ती शिकतात. जाताना एका वाटेनं गेलात तर घरट्यापाशी न थांबता पुढे निघून दुसऱ्या वाटेनं बाहेर पडा.

## टप्पा ९ : पिल्लू खाली सापडलं तर

मे-जूनमध्ये हे हमखास घडतं आणि घाईत चुकतं. आधी पिल्लाकडे नीट पाहा.

अंगावर पिसं आहेत, शेपूट आखूड आहे, टुणटुण उड्या मारतंय: ते उडायला शिकतंय. आई-बाप आसपास आहेत आणि भरवतायत. उचलून घरी आणू नका. रस्त्यावर असेल किंवा मांजर फिरत असेल तर अलगद उचलून जवळच्या झुडपात, फांदीवर ठेवा आणि दूर जा.

अंग उघडं आहे, डोळे मिटलेले आहेत: ते घरट्यातून पडलंय. घरटं हाताला लागत असेल तर परत ठेवा. माणसाचा हात लागला की आई सोडून देते, ही समजूत चुकीची आहे, त्यापायी कितीतरी पिल्लं उगाच खोक्यात मरतात. घरटं मोडून पडलं असेल तर छोट्या टोपलीत सुकं गवत घालून, तळाला भोकं ठेवून, ती त्याच झाडावर सावलीत बांधा.

चोचीत पाणी सोडू नका, ते श्वासनलिकेत जाऊन पिल्लू जागीच दगावतं. दूध, पोळी, भात काहीही भरवू नका. जखम असेल किंवा टोपली बांधल्यानंतर दोन तास आई-बाप फिरकलेच नाहीत तर हवेसाठी भोकं पाडलेल्या, झाकण बंद खोक्यात ठेवून वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. सेमिनरी हिल्सवर वनविभागाचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे, जखमी वन्य पक्ष्यांवर तिथे उपचार होतात. खोकं अंधारं आणि शांत ठेवा, कूलरच्या थेट झोतात ठेवू नका, आणि गाडीत नेताना झाकण उघडून पाहत राहू नका.